नोकरी सुटली किंवा नवी शोधताय? महाराष्ट्रातल्या रहिवाशांसाठी कागदपत्रं, पैसे आणि हक्क: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरी सुटली. पहिल्या आठवड्यात काय करू?

नवी नोकरी शोधण्याआधी जुन्या कंपनीकडून कागद मिळवा. ओळखीचा एचआर आणखी तीन महिन्यांनी तिथे असेलच असं नाही, आणि कंपनीचा ईमेल एकदा बंद झाला की त्यातलं काहीच हाती लागत नाही. नेमणूक पत्र, शेवटच्या किमान सहा महिन्यांच्या पगाराच्या स्लिप, राजीनामा स्वीकारल्याचं किंवा कामावरून कमी केल्याचं पत्र, अनुभव प्रमाणपत्र आणि रिलीव्हिंग लेटर हे सगळं स्वतःच्या ईमेलवर घ्या. यूएएन म्हणजे पीएफचा 12 अंकी क्रमांक आणि ईएसआयचा (कामगार राज्य विम्याचा) विमा क्रमांक वहीत लिहून ठेवा. पीएफ खात्याला कोणता मोबाइल नंबर जोडला आहे तेही तपासा. तो कंपनीने दिलेला नंबर असेल तर सिम परत करण्याआधी बदलून घ्या. नाहीतर पुढचे सगळे ओटीपी बंद झालेल्या नंबरवर जात राहतील.

दबावाखाली "स्वेच्छेने राजीनामा देत आहे" असं लिहून देण्याआधी थांबा. कपात झाली आहे की राजीनामा दिला आहे, यावर भरपाईचा हक्क ठरतो. कामगार या व्याख्येत बसणाऱ्या आणि सलग एक वर्ष काम केलेल्या माणसाची कपात झाली, तर एक महिन्याची नोटीस किंवा तितका पगार, शिवाय पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार देय असतो. राजीनाम्यात यातलं काहीच मिळत नाही.

राहिलेला पगार किती दिवसांत मिळायला हवा?

वेतन संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहे. तिच्यानुसार काढून टाकलं, कपात झाली किंवा राजीनामा दिला तरी राहिलेलं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं आहे. "फुल अँड फायनल 45 दिवसांनी होतं" हा कंपन्यांचा जुना रिवाज आहे, कायदा नव्हे. आधी ईमेलवर लेखी मागणी करा. उत्तर आलं नाही तर जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज द्या. अर्जासोबत पगाराच्या स्लिप, हजेरीचा पुरावा आणि मागणीचा ईमेल जोडा. तोंडी तक्रारीवर तिथे काहीच पुढे सरकत नाही, म्हणून पोचपावती घेतल्याशिवाय परत फिरू नका.

ग्रॅच्युइटी किती होते, हिशोब कसा करायचा?

ग्रॅच्युइटी म्हणजे केलेल्या सेवेबद्दल नोकरी सोडताना कंपनीने द्यायची एकरकमी रक्कम. हिशोब असा: शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, गुणिले 15, भागिले 26, गुणिले सेवेची वर्षं. शेवटच्या वर्षात सहा महिन्यांहून जास्त काम झालं असेल तर ते पूर्ण वर्ष धरतात. समजा मूळ पगार आणि भत्ता मिळून 18,000 रुपये आहे आणि सेवा 7 वर्षं 8 महिने झाली आहे. वर्षं 8 धरायची. 18,000 गुणिले 15 म्हणजे 2,70,000. त्याला 26 ने भागलं की साधारण 10,385. त्याची आठ पट म्हणजे सुमारे 83,077 रुपये.

कायम कामगाराला पाच वर्षांची सेवा लागते. ठरावीक मुदतीच्या करारावर असलेल्यांना नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत एका वर्षानंतरही प्रमाणात ग्रॅच्युइटी मिळते. कंत्राटी कामावर असलेल्या अनेकांना हे ठाऊकच नसतं. देय झाल्यापासून 30 दिवसांत रक्कम द्यायची असते. उशीर झाला तर व्याजही मागता येतं. अर्ज लेखी द्या आणि त्याची प्रत जपून ठेवा.

पीएफचा दावा सारखा नामंजूर होतोय. नक्की काय चुकतंय?

बहुतेक वेळा कारण या चारपैकी एक असतं.

पहिलं, नोकरी सोडल्याची तारीख खात्यात भरलेलीच नसते. पीएफच्या सदस्य पोर्टलवर 'व्ह्यू' मधली 'सर्व्हिस हिस्ट्री' उघडा. जुन्या कंपनीसमोर 'डेट ऑफ एग्झिट' रिकामी दिसत असेल तर कंपनी अजूनही तुम्हाला कामावर दाखवते आहे. कंपनी तारीख भरत नसेल तर स्वतः भरा. 'मॅनेज' मध्ये 'मार्क एग्झिट' निवडा, कंपनी निवडा, तारीख आणि कारण भरा आणि आधारशी जोडलेल्या मोबाइलवरचा ओटीपी टाका. शेवटचं योगदान जमा होऊन दोन महिने झाल्यावरच हे करता येतं. एकदा भरलेली तारीख पुन्हा बदलणं कटकटीचं असतं, म्हणून रिलीव्हिंग लेटर समोर ठेवूनच भरा.

दुसरं, नाव जुळत नाही. आधारवर "सुनीता रमेश पाटील", पीएफमध्ये "सुनिता आर पाटील" आणि बँकेत माहेरचं नाव, अशी तीन नावं असली की दावा अडकतोच. आधार हा पाया धरा आणि बाकी सगळं त्याप्रमाणे करून घ्या. यूएएन 1 ऑक्टोबर 2017 नंतर आधारवरून तयार झाला असेल तर नाव, जन्मतारीख, वडिलांचं नाव अशा बऱ्याच दुरुस्त्या कंपनीच्या मंजुरीशिवाय स्वतःच पोर्टलवर करता येतात. त्याआधीच्या यूएएनसाठी संयुक्त घोषणापत्र, म्हणजे तुम्ही आणि कंपनीने मिळून द्यायचा दुरुस्तीचा अर्ज, लागतो. लग्नानंतर नाव बदलायचं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा महाराष्ट्र शासन राजपत्रातली नोंद हाताशी ठेवा.

तिसरं, बँक खातं बंद पडलेलं असतं किंवा बँकेचं विलीनीकरण झाल्याने आयएफएससी म्हणजे शाखेचा कोड बदललेला असतो.

चौथं, एकाच माणसाचे दोन यूएएन असतात. नव्या कंपनीत रुजू होताना जुना क्रमांक सांगितला नाही की असं होतं. जुन्या क्रमांकातली रक्कम चालू क्रमांकात वर्ग करून घ्या, मगच दावा भरा.

शिल्लक पाहायला एजंटाची गरज नाही. खात्याला जोडलेल्या मोबाइलवरून 9966044425 वर मिस्ड कॉल द्या, मेसेज येतो. पीएफ काढून देतो म्हणून टक्केवारी मागणाऱ्याला यूएएनचा पासवर्ड किंवा ओटीपी कधीही देऊ नका. पीएफ कार्यालयात दाव्यासाठी शुल्क नाही.

पीएफ काढून टाकू की राहू देऊ?

दोन-तीन महिन्यांत काम मिळण्याची शक्यता असेल तर राहू द्या. नोकरी नसली तरी खात्यावर व्याज जमा होत राहतं. पाच वर्षांची सलग सेवा व्हायच्या आत 50,000 रुपये किंवा अधिक काढले तर पॅन जोडलेला असताना 10 टक्के करकपात होते, पॅन नसेल तर त्याहून जास्त. आधीच्या कंपन्यांची सेवा पैसे वर्ग केलेले असतील तरच या पाच वर्षांत मोजली जाते. आजारपण किंवा कंपनीच बंद पडणं अशा हाताबाहेरच्या कारणाने नोकरी गेली असेल तर ही पाच वर्षांची अट लागत नाही.

ऑक्टोबर 2025 मध्ये पीएफच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने काढण्याचे नियम बदलण्याचा निर्णय घेतला: नोकरी गेल्यावर 75 टक्के लगेच आणि उरलेले 25 टक्के 12 महिने बेरोजगार राहिल्यावर. पेन्शनच्या रकमेसाठी हा काळ 36 महिने ठरवला आहे. दावा भरताना पोर्टलवर जेवढी रक्कम काढण्याजोगी दिसते तिच्यावरच घरखर्चाचा हिशोब बांधा, मित्राने दोन वर्षांपूर्वी काय काढलं त्यावर नको.

पेन्शनचा भाग वेगळा. सेवा दहा वर्षांहून कमी असेल तर तो काढण्याऐवजी योजना प्रमाणपत्र घेता येतं, म्हणजे पुढच्या नोकरीची वर्षं आधीच्या वर्षांना जोडली जातात. आठ-नऊ वर्षं झालेल्या माणसाने घाईने पेन्शनचे पैसे काढले तर 58 व्या वर्षापासून मिळणाऱ्या पेन्शनचा रस्ताच बंद होतो. असं करू नये, हे आम्ही आग्रहाने सांगतो.

पगारातून ईएसआय कापला जात होता. बेरोजगारीत काही मिळतं का?

महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांचा ईएसआय कापला जातो, कामगाराकडून 0.75 टक्के. त्यात अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे. अटी पूर्ण होत असतील तर सरासरी रोजच्या कमाईच्या 50 टक्के रक्कम जास्तीत जास्त 90 दिवसांसाठी मिळते. गैरवर्तनासाठी काढलेल्यांना ती मिळत नाही. या योजनेची मुदत ठरावीक काळाने वाढवली जाते, म्हणून अर्ज भरण्याआधी जवळच्या ईएसआय शाखा कार्यालयात ती चालू आहे का ते विचारा. बँक खातं आणि आधार विमा क्रमांकाला जोडलेलं असायला हवं.

नोकरीसाठी सरकारी नोंदणी कुठे करायची?

पूर्वीचं एम्प्लॉयमेंट एक्सचेंज आता जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र झालं आहे. नोंदणी 'महास्वयम' संकेतस्थळावर मोफत होते. केंद्र सरकारच्या 'नॅशनल करिअर सर्व्हिस' वरही नोंदणी करून ठेवा.

नुसती नोंदणी केली की फोन येईल, या भरवशावर राहू नका. नोंदणीचा खरा उपयोग रोजगार मेळाव्यासाठी होतो. जिल्ह्यात मेळावा लागला की महास्वयमवर कंपन्यांची आणि पदांची यादी दिसते. लॉगिन करून ज्या पदासाठी पात्र आहात तिथे आधीच अर्ज करा. मेळाव्याला बायोडाटाच्या दहा-बारा प्रती, मार्कशीटच्या झेरॉक्स, आधार आणि पासपोर्ट आकाराचे फोटो न्या. मूळ प्रमाणपत्रं फक्त दाखवा, कोणाच्या हाती ठेवून येऊ नका. मूळ कागद अडकवून ठेवणारी कंपनी पुढे तुम्हालाही अडकवते.

बायोडाटा दोन पानांच्या आत ठेवा. "मेहनती, प्रामाणिक, टीममध्ये काम करण्याची आवड" या ओळीने काहीच कळत नाही. "सीएनसी टर्निंग, फॅनुक कंट्रोल, रोज 120 नग, व्हर्निअर आणि मायक्रोमीटरने तपासणी" किंवा "टॅलीमध्ये जीएसटीची नोंद, महिन्याला 300 बिलं" असं लिहिलं की समोरच्याला पहिल्याच नजरेत कळतं. मोबाइल नंबर चालू हवा, आणि ईमेल पत्ता नावाचाच हवा.

आयटीआय किंवा पदवी झाली, पण सगळे अनुभव मागतात. काय करू?

शिकाऊ उमेदवारी करा. आयटीआयवाल्यांसाठी राष्ट्रीय ॲप्रेंटिसशिप पोर्टल आहे, पदवी आणि पदविकावाल्यांसाठी 'नॅट्स' पोर्टल. एसटी महामंडळ, महावितरण आणि रेल्वे दरवर्षी शिकाऊ उमेदवार घेतात. विद्यावेतन कमी असतं, पण शेवटी परीक्षा देऊन मिळणारं राष्ट्रीय प्रमाणपत्र पुढच्या भरतीत कामी येतं. करार पोर्टलवर नोंदला आहे ना, ते पहिल्याच महिन्यात तपासा. नोंद नसेल तर प्रमाणपत्र मिळणार नाही.

राज्याच्या 2024 मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत 18 ते 35 वयोगटासाठी बारावीला 6,000, आयटीआय किंवा पदविकेला 8,000 आणि पदवीधरांना 10,000 रुपये महिना विद्यावेतन ठरवलं होतं. हे प्रशिक्षण आहे, मुदत संपल्यावर कायम करण्याचं बंधन आस्थापनेवर नाही. तेवढ्या काळात दुसरे अर्ज थांबवू नका.

सरकारी भरतीची जाहिरात आल्यावर कागद जमवायला वेळ पुरत नाही.

म्हणून जाहिरातीची वाट न पाहता अधिवास प्रमाणपत्र, जातीचा दाखला, जात वैधता आणि नॉन-क्रिमीलेअर आधीच काढून ठेवा. अर्ज 'आपले सरकार' पोर्टलवर किंवा सेवा केंद्रात होतो. नॉन-क्रिमीलेअरला मुदत असते. जाहिरातीत दिलेल्या तारखेला ते वैध हवं, नाहीतर निवड होऊनही कागद तपासणीत नाव कटतं. दाखला ठरलेल्या मुदतीत मिळाला नाही तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 खाली अपील करता येतं. लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्द प्रति मिनिटाचं शासकीय प्रमाणपत्र लागतं. परीक्षेची तारीख आपल्या हातात नसते, म्हणून टायपिंग आधी उरका. खुल्या प्रवर्गाची सर्वसाधारण वयोमर्यादा 38, मागासवर्गीयांची 43 आहे. पोलीस भरतीसारख्या काही पदांची वेगळी असते.

नोकरीसाठी पैसे मागतात. किती देणं रास्त आहे?

देशातल्या नोकरीसाठी एक रुपयाही नाही. रजिस्ट्रेशन, युनिफॉर्म, लॅपटॉपचं डिपॉझिट, मेडिकल, पोलीस व्हेरिफिकेशन, नाव काहीही असो. विमानतळावर किंवा रेल्वेत थेट भरती, तीही व्हॉट्सॲपवर आलेल्या नेमणूक पत्राने, अशी कुठेही होत नाही.

सध्या जास्त फसवणूक 'टास्क' च्या नावाने होते. हॉटेलला रेटिंग द्या, व्हिडिओ लाइक करा, 150 रुपये खात्यात येतात. मग 2,000 भरून 2,800 मिळतात. इथपर्यंत पैसे खरेच मिळतात, आणि त्यामुळेच विश्वास बसतो. पुढे 20,000, 50,000 भरायला सांगतात आणि पैसे 'अडकले' म्हणून आणखी मागतात. असं झालं असेल तर लगेच 1930 वर फोन करा आणि सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पहिल्या काही तासांत कळवलं तर पुढच्या खात्यातली रक्कम गोठवण्याची शक्यता असते.

"तुमचं खातं वापरायला द्या, कमिशन देतो" यालाही बळी पडू नका. त्या खात्यातून चोरीचा पैसा फिरतो, आणि पोलीस खातेदाराच्या दारात येतात.

आखातात जायचं असेल तर एजंटाचा नोंदणी क्रमांक 'ई-मायग्रेट' पोर्टलवर तपासा. नोंदणीकृत एजंटाला जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेता येतं. पैसे पावती घेऊनच द्या. टुरिस्ट व्हिसावर पाठवून "तिथे गेल्यावर बदलून देऊ" म्हणणाऱ्याचा नाद सोडा.

ईएमआय थकणार असं दिसतंय. बँकेशी कधी बोलू?

हप्ता बाउन्स व्हायच्या आधी. बाउन्स झाला की बँकेचा दंड आणि कर्ज कंपनीचा दंड असे दोन्ही लागतात. 90 दिवस थकलं की खातं अनुत्पादित (एनपीए), म्हणजे थकीत कर्जांच्या वर्गात जातं आणि मग बोलणी करायला फारशी जागा उरत नाही. शाखेत लेखी अर्ज द्या: नोकरी गेल्याचं पत्र जोडा, आता महिन्याला किती भरू शकता ते आकड्यात लिहा, मुदत वाढवून हप्ता कमी करून मागा.

अनेक कर्जं असतील तर घर आणि रोजीरोटीचं वाहन आधी. क्रेडिट कार्डावर 'मिनिमम ड्यू' भरत राहणं सगळ्यात महाग पडतं, कारण उरलेल्या रकमेवर व्याज चढतच राहतं. घरात सोनं असेल तर बँकेचं सोनेतारण कर्ज काढून कार्डाची थकबाकी फेडणं बहुतेकदा स्वस्त असतं. मात्र सोनं सोडवण्याची तारीख कॅलेंडरवर लिहा.

वसुलीवाल्यांना सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करता येत नाही. नातेवाइकांना फोन करून बदनामी करणं नियमाविरुद्ध आहे. कॉलची नोंद ठेवा, कर्ज देणाऱ्याकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार मोफत करता येते. माहितीसाठी 14448.

कर्ज 'सेटल' केलं. आता सिबिल का खराब दिसतं?

सेटलमेंट म्हणजे बँकेने काही रक्कम सोडून दिली. अहवालात 'सेटल्ड' असा शेरा राहतो आणि पुढचा कर्ज देणारा तो पाहतो. पूर्ण फेडल्यावरच 'क्लोज्ड' लागतं. जमत असेल तर उरलेली रक्कम भरून ना-हरकत पत्र घ्या आणि शेरा बदलून मागा. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. चूक दिसली तर तक्रार नोंदवा. 30 दिवसांत ती निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाईचा नियम आहे.

कर्जाच्या ॲपवरून किंवा सावकाराकडून घेतलं तर?

ॲपवर कर्ज देणारी बँक किंवा वित्त कंपनी कोण आहे ते करारात लिहिलेलं हवं. 'की फॅक्ट स्टेटमेंट' मध्ये वार्षिक दर आणि सगळे आकार एकत्र दिसतात. ते देत नसतील, किंवा ॲप तुमचे फोटो आणि संपर्क यादी मागत असेल, तर ॲप काढून टाका.

सावकाराकडे जायचंच असेल तर परवाना पाहा. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम 2014 प्रमाणे परवाना लागतो आणि पावती द्यावीच लागते. व्याजाची एकूण वसुली मुद्दलापेक्षा जास्त करता येत नाही. महिना 10 टक्के म्हणजे वर्षाला 120 टक्के, तेव्हा दहा महिन्यांतच व्याज मुद्दलाएवढं होतं. बेकायदा सावकाराने जमीन लिहून घेतली असेल तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करता येतो. 15 वर्षांच्या आतला व्यवहार तपासून जमीन परत देण्याचा अधिकार त्यांना आहे. कोऱ्या चेकवर आणि कोऱ्या स्टॅम्पवर सही करू नका.

नुकसानभरपाईचे पैसे पतसंस्थेत ठेवू का? व्याज जास्त आहे.

बँकेतल्या ठेवींना, त्यात सहकारी बँकाही आल्या, प्रत्येक ठेवीदारामागे प्रत्येक बँकेत 5 लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेला ते नाही. संचालक ओळखीचे आहेत म्हणून नोकरी गेल्यावर मिळालेली सगळी रक्कम तिथे ठेवणं धोक्याचं आहे. सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत ठेवा, त्यातला दोन महिन्यांचा बचत खात्यात आणि बाकी लहान-लहान मुदत ठेवींत. एक लाखाची एकच ठेव करण्याऐवजी 25,000 च्या चार केल्या तर अडचणीत एकच मोडावी लागते.

पगाराच्या खात्याचं काय होतं?

काही महिने पगार आला नाही की बँक ते साधं बचत खातं करते आणि किमान शिल्लक नसल्याचा दंड लावू लागते. शाखेत जाऊन मूलभूत बचत खात्यात बदलून मागा, त्यात किमान शिल्लक लागत नाही. वर्षाला 436 रुपयांचा जीवन ज्योती विमा आणि 20 रुपयांचा सुरक्षा विमा याच खात्यातून कापला जात असेल तर मे महिन्याच्या अखेरीस तेवढी शिल्लक ठेवा. दोन्हींत 2 लाखांचं संरक्षण आहे, आणि ते केवळ शिल्लक नसल्याने बंद पडतं.

कंपनीचा आरोग्य विमा शेवटच्या दिवशी संपतो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत राज्यातल्या रेशनकार्डधारक कुटुंबांना वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण अंगीकृत रुग्णालयात आणि यादीतल्या उपचारांवरच. रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. रेशनकार्डावर घरातल्या सगळ्यांची नावं आहेत ना, ते आजारपण येण्याआधी पाहा.

वर्षाच्या मध्ये नोकरी बदलली. कराचं काय?

जुन्या कंपनीतला पगार आणि कापलेला कर नव्या कंपनीला लेखी कळवा. कळवलं नाही तर दोन्हीकडे प्रमाणित वजावट आणि करसवलत धरली जाते, प्रत्येक ठिकाणी कर शून्य दिसतो आणि जुलैमध्ये विवरणपत्र भरताना एकदम रक्कम भरावी लागते. उलट, काही महिने बेरोजगार असाल तर कापलेला कर परत मिळण्याची शक्यता असते. तो विवरणपत्र भरल्याशिवाय मिळत नाही.

नोकरी नको, धंदा करायचा आहे. कर्ज कुठून?

केंद्राच्या मुद्रा कर्ज योजनेत शिशु गटात 50,000 पर्यंत, किशोर 5 लाख, तरुण 10 लाख, आणि आधीचं तरुण कर्ज फेडलेल्यांना तरुण प्लस 20 लाखांपर्यंत, तारणाशिवाय. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात जिल्हा उद्योग केंद्रामार्फत प्रकल्प खर्चाच्या 15 ते 35 टक्के अनुदान असतं, पण ते रोख हातात येत नाही. ते बँकेत अडकून राहतं आणि धंदा चालू असल्याची तपासणी झाल्यावर कर्जात वळतं होतं. अण्णासाहेब पाटील महामंडळाच्या व्याज परताव्यातही आधी हप्ता तुम्ही वेळेवर भरायचा, व्याज नंतर खात्यात येतं. त्यामुळे पहिल्या सहा महिन्यांचे हप्ते भरण्याएवढे पैसे हाताशी नसतील तर कर्ज मंजूर होऊनही धंदा अडचणीत येतो.

बँकेत जाताना यंत्राचं कोटेशन, जागेचा भाडेकरार, उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) आणि कच्चा माल कुठून, माल कोणाला विकणार हे एका पानावर लिहून न्या. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत आहे. तिच्यासाठी दोन-तीन हजार मागणारी हुबेहूब दिसणारी संकेतस्थळं शोधताना आधी वर येतात, तिथे पैसे भरू नका.